शिवलालभाऊंच्या चुंबळी

आमच्या थिएटरात पेशंट यायच्या आधी टेबलावरच्या चादरीवरून एक हात फिरायचा. आधी पालथा, मग उताणा. कुठे घडी लागली की हात तिथेच थांबायचा आणि त्या हाताचे मालक, म्हणजे शिवलाल कटरे, आम्हा सगळ्यांकडे असे बघायचे की ती घडी आम्हीच मुद्दाम घालून ठेवली आहे.

"मानूस सहा घंटे हालनार नाही," ते म्हणायचे. "तुमी सहा घंटे घडीवर पडून पाहा जी. मंग सांगा."

मी मंजू, गोंदियातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची इन-चार्ज सिस्टर. शिवलालभाऊ तिथले अटेंडंट. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी नवी लागले तेव्हा काम मला तेच शिकवत होते, फक्त डॉक्टरांसमोर आम्ही दोघंही असं दाखवायचो की मीच त्यांना शिकवते आहे. पेशंटला स्ट्रेचरवरून टेबलावर कसं सरकवायचं, की कातडी चादरीला घासून ओढली जाणार नाही; सांडलेलं औषध पाठीखाली साचलं तर ते आधी कसं टिपायचं; हात बाजूला बांधताना कोपराखाली काय ठेवायचं. हे मला कॉलेजात एका पानात शिकवलं होतं. शिवलालभाऊंनी ते सहा महिने शिकवलं, आणि रोज बोलणी खाऊ घालून शिकवलं.

गाव त्यांचं सालेकसाकडे, जंगलाला लागून. भावासोबत धानाची शेती. पोवार असल्याचा अभिमान भारी. "आमचे पुरखे माळव्यातून तलवार घेऊन आले," असं ते चहा पिताना सांगायचे. "आणि तुम्ही स्ट्रेचर घेऊन आलात," असं मी म्हणायची. ते हसायचे नाहीत. हसण्यासारखं त्यात काही नाही, असं त्यांचं मत होतं.

भूल दिलेला माणूस कूस बदलत नाही. आपण झोपेत सारखे वळत असतो, एक अंग अवघडलं की दुसऱ्यावर जातो, आणि उठल्यावर सांगतो की गाढ झोप लागली होती. टेबलावरच्या माणसाला तेवढीही सोय नसते. टाच, माकडहाड, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीला टेकलेलं असतं तिथलं रक्त दबून राहतं. तास जातात. वरून काही दिसत नाही. आत मांस मरायला लागलेलं असतं आणि त्या माणसाला ते सांगता येत नाही. मला या कामात रक्ताची भीती कधी वाटली नाही. या न सांगता येण्याची वाटते.

शिवलालभाऊंनाही ती वाटत असावी, कारण त्यांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. चुंबळ. त्यांची बायको फुलवंता लग्न होऊन आली तेव्हापासून मोहफुलांची टोपली डोक्यावरून जंगलातून घरी आणायची. टोपलीखाली जुन्या लुगड्याची गोल वळलेली चुंबळ. एवढं ओझं वाहून बाईच्या डोक्याला साधी खरचट नाही, मग आडव्या पडलेल्या माणसाच्या टाचेला तीच चुंबळ का नको? त्यांनी एकदा दोन चुंबळी आणल्या, धुवून, वाफेवर निर्जंतुक करून एका म्हाताऱ्याच्या टाचांखाली ठेवल्या. त्या वेळचे सर्जन खूश झाले. "शिवलाल, तुम तो बिना डिग्री के डॉक्टर हो," म्हणाले. झालं. त्या दिवसापासून प्रत्येक लांब ऑपरेशनला चुंबळी: दोन टाचांखाली, एक कमरेखाली, एक डोक्याखाली. फुलवंतावहिनी फुरसतीच्या दिवशी त्या वळायच्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायच्या. आमच्या कपाटात त्यांची चळत असायची. कोणी पाहुणे डॉक्टर आले की मी स्वतः कपाट उघडून ती दाखवायची, मोठ्या कौतुकाने. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचताना कोणाला वाटेल की दोष एका अटेंडंटचा होता.

थिएटरला एक वाईट खोड आहे. तिथे पहिला दिवस दिसतो, तिसरा दिसत नाही. टाके पडले, पेशंट डोळे उघडून नाव सांगायला लागला की तो वॉर्डात जातो आणि आमच्यापुरता बरा होतो. दाबाची जखम मात्र तिसऱ्या दिवशी वर येते. कधी दुसऱ्या, कधी चौथ्या. तेव्हा तो वॉर्डाच्या ताब्यात असतो, आणि सगळे म्हणतात की वॉर्डच्या सिस्टरनी कुशीवर वळवलं नाही. आम्हाला कोणी काही विचारत नाही. आम्हीही कोणाला काही विचारत नाही. शिवलालभाऊंनी इतक्या वर्षांत एकाही पेशंटची टाच तिसऱ्या दिवशी पाहिली नव्हती. मीही नाही.

मग वॉर्डच्या इन-चार्ज बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मला सहा महिने वॉर्डात पाठवलं.

तिथे सुखराम होता. केशोरीचा शेतकरी. सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकने उडवलं होतं. पोटातून रक्त जात होतं, मांडीचं हाड मोडलं होतं, आठ तास ऑपरेशन चाललं आणि माणूस वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी भूमिका, वॉर्डातली सगळ्यात लहान सिस्टर, मला बोलवायला आली. "ताई, जरा याची टाच बघा ना. मला कळत नाहीये."

सुखरामचा रंग काळा. काळ्या कातडीवर लाल डाग शोधून सापडत नाही, हात लावून बघावं लागतं. मी हात लावला. टाचेचा मधला भाग गार आणि टणक होता आणि त्याच्याभोवती जांभळट कडं उठलं होतं. गोल. इतकं नेमकं गोल की आपोआप असं होत नाही. दुसऱ्या टाचेला तसंच. मी त्याला कुशीवर घेतलं. माकडहाडावर तिसरं कडं होतं, मोठं.

मी थिएटरात गेले, कपाटातून एक चुंबळ काढली, पदराआड धरून आणली आणि त्याच्या टाचेजवळ नेली. कडं आणि चुंबळ एकाच मापाची होती.

विचार केला तर त्यात अवघड काही नव्हतं, आणि म्हणूनच लाज जास्त वाटली. डोक्यावर ओझं घेऊन बाई चालते, मान हलते, टोपली डुलते, घरी पोचली की उतरते. टेबलावर माणसाचं सगळं ओझं त्या गोल काठावर येतं आणि तिथेच राहतं. काठ चहूबाजूंनी दाबतो, आतल्या भागाकडे जाणारं रक्त अडतं. मधला भाग चादरीला टेकत नाही म्हणून आपण त्याला आराम म्हणतो. तो आराम नसतो. त्या वर्षी नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये एका बाईंनी हेच सांगितलं होतं, गोल उशी कधीही वापरू नका म्हणून. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. तरी चुंबळ मला आठवली नव्हती. चुंबळ आमच्या घरची होती ना.

सुखरामची टाच काळी पडली, मग उघडली. भूमिकाला मेट्रनसमोर उभं केलं. तिने दर दोन तासांनी त्याला वळवलं होतं, तक्त्यावर वेळा लिहिल्या होत्या. मेट्रन म्हणाल्या की वेळा खोट्या लिहिल्या आहेत. पोरगी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी मूग गिळून उभी राहिले. तेव्हा मी स्वतःला समजावलं की आधी खात्री करून घेऊ, मग बोलू. खात्री तर मला त्या चुंबळीने आधीच दिली होती.

आमचे सर्जन भुपेंद्र सर. त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मोबाइलवरून नजर न काढता ऐकलं. "सिस्टर, इतना बडा एक्सिडेंट था. जान बच गई ना? टाच भर जाएगी." सर वाईट नाहीत. ते कापायच्या जागेकडे बघतात, बाकीचा माणूस त्यांच्यासाठी हिरव्या कपड्याखाली असतो.

मग शिवलालभाऊंना सांगितलं. वॉर्डातले सहा महिने संपवून मी थिएटरात परत आले त्या आठवड्यात, चहा पिताना. ऑपरेशनला वेळ होता आणि ते खूश होते. मी म्हटलं, "भाऊ, चुंबळीचं जरा बघायला पाहिजे. गोल उशीने रक्त दबतं म्हणतात. सुखरामला डाग पडले होते."

"कोन म्हनते?"

"नागपूरला ट्रेनिंगमध्ये सांगितलं."

"नागपूरच्या बाया डोक्स्यावर टोपली नेतेत का जी?"

मी हसले. त्यांच्या चुंबळीचं माप मी टाचेला लावून पाहिलं होतं, ते सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून फक्त "तसं नाही हो" एवढंच निघालं. त्यांनी कप धुतला आणि टेबलावरच्या चादरीवर हात फिरवायला गेले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. इतकी वर्षं माणूस एका गोष्टीसाठी ओळखला जातो, ती त्याच्या हातातून कशी काढून घ्यायची, हा माझा विचार. सगळा भार मी त्यांच्या मानाचा मोजला. टेबलावर कोण पडणार आहे, त्याचा नाही.

पुढच्या महिन्यात अनुसयाबाई आल्या. सालेकसा तालुक्यातल्याच, पण फार आतल्या गावाच्या. एकट्या, वय सत्तरीच्या पुढे, अंगावर मांस नाहीच. आतड्याला पीळ पडला होता. शिवलालभाऊंनी टेबल लावलं, चादर ताणली, म्हातारीला दोन हातांवर अशी उचलली की तिला कळलंही नसेल, आणि टाचांखाली चुंबळी सरकवल्या. मी दोन पावलांवर उभी होते. माझा हात पुढे गेला आणि परत आला. पाच तास. तिसऱ्या दिवशी भूमिका थिएटरच्या दारात आली, आत न येता म्हणाली, "मंजूताई, परत." आणि निघून गेली.

अनुसयाबाईंना टाचेच्या जखमेसकट घरी पाठवलं, ड्रेसिंगला दर आठवड्याला या असं सांगून. त्या एकदाही आल्या नाहीत. ओपीडीत गर्दी बघितली की मी अजूनही नकळत खाली, लोकांच्या पायांकडे बघते.

भूमिकाची बदली मी थिएटरात करून घेतली. मला कोणाची तरी भीती वाटत राहावी म्हणून, असं आज वाटतं.

पावसाळा सरता सरता फुलवंतावहिनींच्या पोटात गाठ निघाली. साखरेचा आजार अकरा वर्षांचा, वजन अडतीस किलो. भुपेंद्र सरांनी सांगितलं की सात तास तरी लागतील. शिवलालभाऊ माझ्याकडे आले. बसले नाहीत. "टेबल मी लावीन बाई. मंग बाहेर जाऊन बसतो. पन टेबल मीच लावीन." नातेवाइकाला आत येऊ द्यायचं नाही असा नियम आहे. त्यांना अडवायची कोणाची छाती होती?

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. चार नव्या चुंबळी. पिवळं पडलेलं मऊसूत लुगडं, टाके बारीक, वळ घट्ट. "तिनंच वळल्या," ते म्हणाले. "म्हने, दुनियेले देल्या, तं माह्यासाठी जरा चांगल्या घेऊन जा."

मला त्या हातात घ्याव्या लागल्या. मी म्हटलं, "भाऊ, वहिनींना चुंबळी नको लावू या. नवा फोम आलाय, सपाट. तो घालू. आणि पोटऱ्यांखाली ब्लँकेटची घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतील."

त्यांचा चेहरा बदलला. राग कमी होता, दुखावणं जास्त. "सगड्यायले लावल्या. ट्रकनं उडवलेल्याले लावल्या, बुढीले लावल्या. अन् माह्या बायकोच्याच वक्ती कायले कमी करून राहिल्या बाई?"

त्यांना वाटलं मी कंजुषी करते आहे. मी तसंच वाटू दिलं.

ऑपरेशनच्या सकाळी वहिनी स्ट्रेचरवरून आल्या, डोक्याला हिरवी टोपी, हात चादरीबाहेर. नवरा टेबलावर हात फिरवत होता. "बाई, यायले बाहेर धाडा," त्या मला म्हणाल्या. "घरी बी असेच करतेत. माह्या खाटेवरची चादर ताणता ताणता मलेच खाली पाडतेत." शिवलालभाऊंनी तेव्हाही हसायचं टाळलं. भूल चढली. त्यांनी बायकोची एक एक टाच उचलून चुंबळीवर ठेवली, कमरेखाली हात घालून तिसरी सरकवली, मान धरून चौथी. तिचे केस टोपीत नीट सारले आणि पाठ न फिरवता, मागे मागे चालत, दाराबाहेर गेले.

मी भुलेच्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, दोन मिनिटं." त्यांनी मान हलवली. मी भूमिकाकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. आम्ही दोघींनी चादर धरून वहिनींना उचललं, चारी चुंबळी बाहेर ओढल्या, फोम सरकवला, पोटऱ्यांखाली ब्लँकेटची घडी, गुडघे किंचित वाकवलेले, टाचांखालून माझी बोटं आरपार गेली. भूमिकाने चुंबळी मळक्या कपड्यांच्या बादलीत टाकल्या आणि वर एक चादर टाकली. तेवढ्यात सर हात धुवून आले.

तिथून पुढे माझ्या जिवाला जे लागलं ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. फोमनेही जखम टळतेच असं नाही. साखरेचा आजार असलेली, हाडं वर आलेली बाई. तिसऱ्या तासाला रक्तदाब खाली आला. रक्तदाब उतरला की शरीर आधी कातडीच्या वाट्याचं रक्त तोडतं. भुलेचे डॉक्टर औषध वाढवत होते आणि मी हिरव्या कपड्याखाली हात घालून टाच चाचपत होते. गार. थिएटरात सगळंच गार असतं, पण ते मला पटेना. डाग पडला तर? नवऱ्याने स्वतःच्या हाताने ठेवलेलं मी चोरून काढलं होतं. आणि डाग पडला तर त्यांच्याच म्हणण्याला पुरावा मिळणार होता: चुंबळ काढली म्हणून झालं. सात तासांचे नऊ झाले.

पाचव्या तासाला मी पाणी प्यायला बाहेर आले. ते बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर पालथे. त्यांनी बायको कशी आहे हे विचारलं नाही. "चुंबळी सरकल्या तं नाही ना जी?" एवढंच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

गाठ निघाली. वहिनी शुद्धीवर आल्या, पाणी मागितलं. सगळे म्हणाले की सुटलो. मी आणि भूमिका मात्र दिवस मोजत होतो. पहिल्या दिवशी काही नाही, आणि त्याला अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी माकडहाडावर थोडं गरम लागलं. मी बोट दाबून सोडलं, पुन्हा दाबलं. मला काही ठरवता येईना. ड्यूटीभर आम्ही दोघी थिएटरातून वॉर्डात जाऊन त्यांना दर दोन तासांनी वळवत होतो आणि भूमिका तक्त्यावर वेळ लिहिताना प्रत्येक वेळी माझी सही घेत होती. त्या दिवशी मी घरी जाऊन डाळीला फोडणी द्यायला उभी राहिले आणि तेल जळेपर्यंत मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवलालभाऊ वॉर्डात आले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिसऱ्या दिवशी कोणाची टाच बघायला आले होते. त्यांनी बायकोला कुशीवर घेतलं, माकडहाडावर हात ठेवला, मग दोन्ही टाचा तळहातात धरून बघितल्या. कातडी साफ होती. कालची ऊबही गेली होती.

"पाहा बाई," ते मला म्हणाले. "नऊ घंटे. शुगर. अडतीस किलो. अन् एक डाग नाही. नागपूरवाल्यायले सांगा."

ते टोमणा मारत नव्हते. ते आनंदात होते आणि तो आनंद त्यांना सगळ्यांत वाटायचा होता. त्यांनी मेट्रनला सांगितलं. मेट्रननी भुपेंद्र सरांना सांगितलं. सर वॉर्डात राउंडला आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवलाल की चुंबळ अब हर केस में लगेगी. छोटा हो या बडा. ऑर्डर में लिख दो." वहिनींनी पडल्या पडल्या हात वर केला. "मले बसू तं द्या. दोन डझन वळून देतो मी," त्या म्हणाल्या. वॉर्ड हसला. भूमिका तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मेट्रनसमोर उभी असताना बघत होती तशीच.

पुढचं ऑपरेशन अकराला होतं. देवरीकडचा एक मजूर, कण्याजवळची गाठ, सहा तास. शिवलालभाऊ थिएटरच्या सामानाच्या खोलीत गेले आणि कपाट उघडून चुंबळी काढायला लागले. मी मागोमाग गेले आणि दार लोटून घेतलं. आता बोलले नाही तर यापुढे प्रत्येक टाच माझ्या नावावर होती. हे काही शहाणपण नव्हतं. पळायला जागा उरली नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "वहिनींच्या चुंबळी मी काढल्या होत्या."

त्यांच्या हातात दोन होत्या. ते थांबले. "कवा?"

"तुम्ही बाहेर गेल्यावर लगेच. भूमिका होती सोबत. खाली फोम होता, नऊ तास. एकही चुंबळ नव्हती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ही मस्करी आहे असं मी म्हणेन, याची वाट बघितली असावी. मग स्टुलावर बसले. बराच वेळ हातातल्या चुंबळीची कड दाबत राहिले, आधी एका बाजूने, मग सगळीकडून. इतकी वर्षं चादरीवर फिरलेला तो हात. त्याला काय कळायचं ते कळत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

"सुखरामचे डाग," ते म्हणाले. "ते याचे होते?"

"हो. मी माप लावून पाहिलं होतं."

"अनुसयाबाईचे?"

त्यांना नाव आठवत होतं, याची मला कल्पना नव्हती. "हो," मी म्हटलं.

"त्याच्या आंधीचे?"

"ते कोणालाच माहीत नाही, भाऊ. कोणी पाहिलेच नाहीत."

मान खाली घालून ते मागचे पेशंट मोजत असावेत, मोजता येण्यासारखं नव्हतं तरी. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली, देवरीचा पेशंट आला होता. शिवलालभाऊ उठले. हातातल्या चुंबळी त्यांनी कपाटात परत ठेवल्या नाहीत, खाली टाकल्याही नाहीत. सदऱ्याच्या खिशात कोंबल्या.

"फुलवंताले सांगू नोका," ते म्हणाले. "तिच्या हातच्या आहेत."

"नाही सांगत."

त्यांनी फोमची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि दाराशी थांबले. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. खरोखर कळत नाही म्हणून माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"तुमी मले सांगलं होतं, हे खरं. मी आयकलो नाही. पन फुलवंताच्या तं मले न इचारता काढल्या ना जी. तवा आलं तुमाले. मंग अनुसयाबाईच्या कायले नाही काढल्या?"

मी दोन पावलांवर उभी होते तेव्हा. पाच तास होते माझ्या हातात. भुलेच्या डॉक्टरांना दोन मिनिटं मागता आली असती, चादर धरायला माणसंही होती. उत्तर एकच होतं आणि विचारता विचारताच ते त्यांनाही सापडलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ती आमची कोणी नव्हती.